सांडणार नाही असे निचरा-पात्र : वागळे इस्टेटमधील प्रकल्प नोंदी

10 जून 2024

आजपासून या कामाच्या नोंदी वेगळ्या वहीत ठेवत आहे. काम थोडक्यात असे आहे : जलोदराच्या रुग्णाच्या पोटातील पाणी सुईवाटे काढतात, ज्याला वॉर्डात सगळे टॅपिंग म्हणतात. ते पाणी जमा करण्यासाठी 2 लिटरचे, खाटेशेजारी ठेवण्याजोगे पात्र बनवायचे आहे आणि ते आडवे पडले तरी त्यातून काही सांडता कामा नये. काम देणाऱ्याने लिहून दिलेली अट हीच आणि एवढीच आहे. सध्या बहुतेक ठिकाणी सलाइनच्या सेटची नळी कापून तिचे मोकळे टोक उघड्या जारमध्ये, काही वेळा सरळ बादलीतच सोडलेले दिसते.

छातीच्या नळीचा निचरा, म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेली हवा किंवा द्रव नळीवाटे बाटलीत काढणे, या कामातून पहिल्याच दिवशी वगळला. त्या बाटलीत नळीचे टोक पाण्याखाली सुमारे 2 सेंटिमीटर बुडवून ठेवलेले असते आणि ते पाणीच एकदिशा झडपेचे काम करते. ब्यूलाऊ या जर्मन डॉक्टरांनी 19व्या शतकात रूढ केलेली ही पद्धत आजही तशीच चालू आहे. ती बाटली कलंडली तर फरशी ओली होणे ही गौण बाब ठरते, कारण पाण्याबाहेर आलेल्या टोकातून हवा छातीत शिरू शकते. त्या प्रश्नाला वेगळे उत्तर लागेल. दोन्ही एका पात्रात साधण्याचा मोह काम देणाऱ्याला आहे, पण मी तसे होणार नाही असे लेखी कळवले.

13 जून 2024

आज फक्त आकाराचा हिशोब केला. 12 सेंटिमीटर व्यासाच्या सरळ जारमध्ये 2 लिटर द्रव 17.7 सेंटिमीटर उंच चढतो, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य तळापासून 8.85 सेंटिमीटरवर येतो आणि गणिताने तो जार 34 अंश कलल्यावर पडायला हवा. फळीवर ठेवून फळी हळूहळू उचलली तेव्हा तो 32 अंशांवरच गेला, कारण जार कलला की आतला द्रवही त्याच बाजूला सरकतो आणि पडण्याला हातभार लावतो.

तळ 16 आणि वरचे तोंड 8 सेंटिमीटर व्यासाचे, असा बाजूंनी निमुळता आकार घेतला तर तेच 2 लिटर सुमारे 17 सेंटिमीटर उंचीत बसतात. गुरुत्वमध्य 6.7 सेंटिमीटरवर उतरतो आणि पडण्याचा कोन 50 अंशांवर जातो. फळीवर तो 48 भरला. निमुळत्या आकाराचा दुसरा फायदा मला आधी सुचला नव्हता. भरलेल्या पात्रात द्रवाचा वरचा पृष्ठभाग अरुंद राहतो, त्यामुळे सरकणारा द्रवही कमी असतो. वर 8 सेंटिमीटर व्यासाची 4 सेंटिमीटर उंच मान ठेवली, म्हणजे 200 मिलिलिटरची मोकळी जागा मिळते. आतली एकूण उंची 21 झाली. यापुढे हाच आकार.

21 जून 2024

झाकण घट्ट बसवले आणि प्रवाह बंद पडला. पडणारच होता, पण नेमका किती मिलिलिटरला पडतो हे पाहायचे होते. पात्रात 2,200 मिलिलिटर हवा आहे आणि रुग्णाच्या पोटापासून झाकणापर्यंत सुमारे 60 सेंटिमीटरचा उतार आहे, म्हणजे द्रवाला ढकलणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 6 टक्के. एवढ्या दाबाने आतली हवा सुमारे 120 मिलिलिटरच दबते आणि मग दोन्हीकडचे दाब सारखे होऊन नळीतील द्रव जागच्या जागी थांबतो. पाण्याने केलेल्या चाचणीत तो 115 वर थांबला.

या छोट्या हिशोबाला मी फार महत्त्व देतो. हवेची वाट चोंदली की प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की सिस्टर झाकण सैल करतात, आणि झाकण सैल झाले की आडवे पडल्यावर न सांडण्याची आमची सगळी कारागिरी वाया जाते. सिस्टरचा यात काहीच दोष नाही, त्यांच्यापुढे पोट फुगलेला रुग्ण असतो. म्हणून हवेची वाट शेवटच्या थेंबापर्यंत मोकळी राहील, ही अट मी स्वतःहून कागदावर वाढवली.

2 जुलै 2024

दौतीचा प्रयोग फसला. न सांडणाऱ्या जुन्या दौतीत तोंडापासून एक नळकांडे आत मध्यापर्यंत उतरलेले असते. शाई निम्म्याहून कमी असेल तर दौत कशीही लोळली तरी शाईची पातळी मध्यापर्यंत पोहोचत नाही आणि शाई बाहेर येत नाही. वडिलांकडे अशी एक काचेची दौत होती, तिच्यावरून मला ही युक्ती सुचली आणि हवेची नळी मी पात्राच्या मध्यापर्यंत खाली आणली. थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढला, पाणी सोडले, आणि सुमारे 1,100 मिलिलिटरला नळीचे टोक बुडाल्याबरोबर वरची हवा कोंडली गेली. द्रव उलटा हवेच्या नळीत चढला आणि तिच्या वरच्या टोकाला लावलेला, हवा सोडणारा पडदा खालून भिजला. दौतीत शाई आपली स्वस्थ पडून असते, आमच्या पात्रात द्रव येतच राहतो, हा साधा फरक माझ्या ध्यानात यायला एक आठवडा आणि एक किलो फिलामेंट गेले.

हवेची वाट आता मानेच्या माथ्यावर. तेथे पाणी अडवून हवा सोडणारा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, सूक्ष्मछिद्री पडदा बसवायचा. पात्र आडवे पडले तरी पडद्यावर 20 सेंटिमीटरहून कमी उंचीच्या द्रवाचा दाब येईल, आणि 0.2 मायक्रॉन छिद्रांचा कोरा पडदा त्याच्या कितीतरी पट दाब सहज पेलतो.

10 जुलै 2024

परवाच्या पावसाने गाड्या बंद होत्या, काल विटाव्याच्या पुलाखाली पाणी होते, म्हणून पडद्यांचे पार्सल रबाळ्याहून आज दुपारी हाती आले.

कोरा पडदा साध्या पाण्याशी उत्तम वागतो. पण पोटातल्या पाण्यात प्रथिने असतात, ती पृष्ठताण कमी करतात, फेस करतात आणि पडद्यावर साय धरल्यासारखी बसतात. चाचणीसाठी खरा द्रव वापरण्याचा प्रश्नच नाही. अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे 10 टक्के प्रथिने असतात, म्हणून एक भाग तो आणि चार भाग मिठाचे सौम्य पाणी असे मिश्रण गाळून घेतले. एकदम दोन डझन अंडी घेतली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने केकची ऑर्डर घेतली का, असे विचारले. पिवळा भाग कार्यशाळेतल्या मुलांनी भुर्जी करून संपवला.

निकाल वाईट आहे. 60 सेंटिमीटरवरून पडणारी धार पात्रात फेस करते, फेस मानेपर्यंत चढतो आणि 1,400 मिलिलिटरच्या आसपास पडदा भिजून हवा जाणे जवळजवळ थांबते. दोन बदल ठरवले आहेत. पहिला, झाकणाखालच्या तोटीला बाक द्यायचा, म्हणजे द्रव भिंतीवरून घसरत खाली जाईल. दूध पातेल्याच्या कडेने ओतले की फेस धरत नाही, त्यातलाच हा प्रकार. दुसरा, पडद्याच्या आधी तीन आडव्या पट्ट्यांची नागमोडी वाट ठेवायची, म्हणजे उडालेले थेंब पट्ट्यांना लागून परत खाली गळतील. पडदाही तेलकट आणि कमी पृष्ठताणाच्या द्रवांना दूर ठेवणारा, प्रक्रिया केलेला घ्यायचा. तो महाग आहे, पण नखाएवढा तुकडा पुरतो.

19 जुलै 2024

बाकदार तोटी, नागमोडी वाट आणि नवा पडदा, तिन्ही एकत्र लावून दहा वेळा पात्र भरले. दहाही वेळा 2 लिटर पूर्ण भरले आणि प्रवाह थांबला नाही. भरलेले पात्र टेबलावर आडवे करून एक तास ठेवले, खालचा टिपकागद कोरडा राहिला. संध्याकाळी सगळ्यांना वडापाव. मला वाटले, काम संपत आले.

26 जुलै 2024

काम संपत आलेले नाही. कदाचित ते सुरू व्हायचे आहे.

ठाण्यातील एका रुग्णालयाने चार दिवस वॉर्डात उभे राहून पाहण्याची परवानगी दिली होती. अट एवढीच की कोणाचे नाव टिपायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही आणि मध्ये बोलायचे नाही. अकरा टॅपिंग पाहिली. त्यांपैकी नऊ वेळा थोडेफार सांडले. जार आडवा पडून सांडल्याचा प्रसंग एकच. रात्री खाटेशेजारी चटई अंथरून झोपलेल्या नातेवाइकाचा पाय लागला होता. बाकीच्या आठ वेळा द्रव सांडला तो जार बदलताना, नाहीतर भरलेला जार नेऊन ओतताना.

बदलणे म्हणजे काय ते लिहून ठेवतो. एका रुग्णाच्या पोटातून एका बैठकीत 5 लिटर किंवा त्याहून जास्त पाणी काढणे नेहमीचे आहे. त्यापुढे गेले की डॉक्टर प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन शिरेतून देतात. आमच्या हिशोबात त्याचा अर्थ असा की एका रुग्णाला तीन पात्रे लागतात, म्हणजे दोनदा बदल करावाच लागतो. सिस्टर वरचा रोलर, म्हणजे नळी दाबून बंद करणारी चाकी, बंद करतात, खालचे टोक जारमधून उपसून दुसऱ्या जारकडे नेतात, आणि त्या हातभर प्रवासात नळीत राहिलेले पाणी चादरीवर, चपलेवर आणि फरशीवर गळत जाते. नंतर ते टॉवेलने पुसले जाते आणि कोणत्याही वहीत त्याची नोंद होत नाही. आमच्या अटीच्या कागदातही नव्हती.

ओतण्याचे काम मावशींकडे असते. त्या जार दोन्ही हातांनी छातीशी धरून वॉर्डाच्या टोकाला असलेल्या धुण्याच्या खोलीत नेतात, तिथे चार्टमध्ये लिहिण्यासाठी आकडा वाचून सिस्टरला ओरडून सांगतात आणि मग जार तिरपा करतात. पहिला अर्धा लिटर भकाभका, ठेचकाळत बाहेर येतो, कारण द्रव ज्या तोंडातून बाहेर पडतो त्याच तोंडातून हवेला आत शिरायचे असते. शिंतोडे कोपरापर्यंत उडतात. हातमोजे मनगटापर्यंतच असतात.

निघताना एका मावशींना आमचा नमुना दाखवला. त्यांनी तो उचलला, फिरवला आणि विचारले, "हे पडलं तर सांडत नाही, बरोबर. पण आम्ही ते पाडतो कुठे? ओततो." मी वहीत हे वाक्य अधोरेखित करून ठेवले आहे.

5 ऑगस्ट 2024

नळीचा हिशोब आधीच करायला हवा होता. दीड मीटर लांब आणि 6 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत 42 मिलिलिटर द्रव मावतो. वरचा रोलर बंद असताना तो नळीतच टांगून राहतो. सरबताच्या स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवले की सरबत आत राहते, तसेच हे. पण 6 मिलिमीटरचे तोंड रुंद आहे आणि द्रवाचा पृष्ठताण पाण्याहून कमी आहे, त्यामुळे हात जरासा हलला तरी हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि सगळे 42 मिलिलिटर खाली येतात. दोन बदलांत 84, म्हणजे चहाच्या बशीभर पाणी. फरशीवर ते किती दिसते हे कोणत्याही गृहिणीला विचारावे.

खालच्या टोकाजवळ दुसरा चिमटा लावणे हा उघड उपाय आहे, पण तो विसरला जाणार हेही तेवढेच उघड आहे. सिस्टरना सांगून, भिंतीवर तक्ता लावून किंवा झाकणावर लाल बाण छापून हे विसरणे थांबेल, असे मला वाटत नाही. मी आठवडाभर माझ्याच टेबलावर बदल करून पाहिला आणि सहाव्या वेळी स्वतःच विसरलो. म्हणून चिमटा आणि जोड एकमेकांत अडकवले आहेत. चिमटा उघडा असताना त्याची दांडी जोडाच्या खाचेवर आडवी येते, त्यामुळे जोड ओढला तरी निघत नाही. चिमटा दाबून बंद केला की दांडी बाजूला होते आणि जोड सुटतो. पात्राच्या बाजूने जोडाखाली सिलिकॉनची चोचीसारखी झडप आहे. नळी निघाल्याबरोबर तिचे ओठ मिटतात.

जादा प्लास्टिक सुमारे 3 ग्रॅम, जादा सुटा भाग एकही नाही. या प्रकल्पातला हा तुकडा मला सर्वांत आवडतो.

28 ऑगस्ट 2024

काम देणाऱ्याचा प्रस्ताव होता की पात्रात आधीच द्रव जेलीसारखा गोठवणारी पूड भरून द्यावी. ही पूड म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट, लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तीच. शुद्ध पाणी ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते, पण शरीरातल्या द्रवांत क्षार असतात आणि क्षारांमुळे ही क्षमता 30 ते 50 पटींवर उतरते. म्हणजे 2 लिटरसाठी 50 ग्रॅमच्या आसपास पूड. त्यात पात्र भरत असतानाच द्रव गोठला तर 100 मिलिलिटरच्या खुणा वाचता येत नाहीत, आणि द्रव गवती पिवळा आहे, गढूळ आहे, दुधाळ आहे की रक्ताळलेला, हे डॉक्टरांना दिसत नाही. गोठलेले 2 किलो वजन कचऱ्यात जाते ते निराळेच. प्रस्ताव नाकारला. ज्यांना हवी त्यांनी भरल्यानंतर टाकावी, त्यासाठी झाकणाला टोपण असलेले छिद्र ठेवले आहे.

20 सप्टेंबर 2024

गणपतीत साच्याचे काम दहा दिवस मागे पडले. आज रबाळ्याला पहिला ट्रायल शॉट, म्हणजे साच्यातून चाचणीसाठी काढलेला पहिला नग. पात्र पारदर्शक दिसावे म्हणून साध्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकऐवजी त्याचाच अधिक पारदर्शक प्रकार, रँडम कोपॉलिमर, घेतला आहे. पात्र बरे आले, झाकण वाकडे आले. 84 मिलिमीटरचे गोल झाकण एका बाजूने 83.4 आणि दुसऱ्या बाजूने 84.1, म्हणजे डोळ्याला गोल, पण रबरी वायसरला लंबगोल. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना दीड ते दोन टक्के आकसते, आणि चिमट्याची खाच आहे तिथे भिंत जाड असल्याने तो भाग उशिरा थंड होऊन झाकणाला आत ओढतो. डायमेकर, म्हणजे साचा बनवणारे, म्हणाले, "साहेब, कूलिंग वाढवून देतो." थंड होण्याचा वेळ सहा सेकंदांनी वाढवल्यावर फरक निम्मा झाला, पण तेवढ्याने प्रत्येक नगाचा खर्च वाढतो. खाचेमागचा भाग पोकळ करून भिंत सगळीकडे 2 मिलिमीटर करणे हेच खरे औषध. साचा परत उघडावा लागेल. पैसे कोणी द्यायचे यावर दीड तास बोलणे झाले, ते येथे लिहीत नाही.

खुणांबद्दल एक टीप : निमुळत्या पात्रावर 100 मिलिलिटरच्या रेघा सारख्या अंतरावर येत नाहीत, वर जाताना त्या विरळ होतात. साच्यात कोरण्यापूर्वी प्रत्येक रेघ वजनकाट्यावर पाणी मोजून ताडून घेतली.

14 ऑक्टोबर 2024

ओतण्याचा प्रश्न. पीटीएफईच्या पडद्यातून ओतताना लागणारी हवा येऊ शकत नाही. भरताना हवा संथपणे बाहेर जाते, ओतताना मात्र 2 लिटर द्रव दहा-बारा सेकंदांत बाहेर पडतो, म्हणजे सेकंदाला 170-200 मिलिलिटर हवा आत यायला हवी. त्यासाठी ओतण्याचे तोंड वेगळे केले आणि त्यात उभी भिंत घालून दोन वाटा केल्या, खालून द्रव आणि वरून हवा. रॉकेलच्या डब्याला वरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडायचे, तीच ही गोष्ट. मूठ तोंडाच्या बरोबर विरुद्ध बाजूला ठेवली, त्यामुळे पात्र चुकीच्या बाजूने तिरपे करायचे तर मनगट पिळावे लागते आणि कोणीही ते आपसूक टाळते.

मोजमाप : उघड्या जारला 14 सेकंद आणि भरपूर शिंतोडे, आमच्या पात्राला 11 सेकंद आणि एकसंध धार. मागे लावलेल्या पांढऱ्या कागदावर रंगीत पाण्याचे ठिपके मोजले. जारचे 63, आमचे 4.

रिकामे झालेले पात्र आणि नळ्या 2016 च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे लाल पिशवीत जातात. ती धुऊन पुन्हा वापरली जातील अशी मला पक्की भीती आहे. म्हणून ओतण्याच्या तोंडाचे टोपण एकदा उघडले की पुन्हा घट्ट बसणार नाही असे केले आहे. याने पुनर्वापर थांबेलच असे नाही, पण करणाऱ्याला चिकटपट्टी तरी शोधावी लागेल.

11 नोव्हेंबर 2024

दिवाळीनंतर त्याच रुग्णालयात, रिकाम्या खाटेवर, रंगीत पाण्याने सराव झाला. परवाना येईपर्यंत रुग्णावर वापरण्याचा विचारही नाही. पाच सिस्टर आणि तीन मावशींनी मिळून चोवीस वेळा पात्र बदलले व ओतले. चिमटा बंद न करता जोड ओढण्याचा प्रयत्न सात वेळा झाला, सातही वेळा जोड अडला आणि फरशी कोरडी राहिली. एका सिस्टरनी तो जोरात ओढून पाहिला, खाचेची कड पांढरी पडली पण तुटली नाही. तेथे अर्धा मिलिमीटर जाडी वाढवायची आहे, आणि आधीच्या अनुभवामुळे ती आतून पोकळ ठेवूनच.

ज्या मावशींनी जुलैत तो प्रश्न विचारला होता त्या होत्या. त्यांनी पात्र ओतले, तोंडाकडे पाहिले, मग मुठीकडे पाहून म्हणाल्या की ओल्या हातमोज्यात मूठ सटकते. बरोबर आहे, मूठ गुळगुळीत आहे. साच्यात मुठीवर खरखरीत पोत देण्यासाठी डायमेकरना कळवले.

खाटेच्या दांडीवर पात्र अडकवण्याची आकडी चार दिवस आधीच वॉर्डातल्या सहा खाटांना लावून ठेवली होती, आडदांडी खालीवर करताना ती अडते का एवढेच पाहायचे होते. आज पाहिले तर सहापैकी चार आकड्यांना नातेवाइकांच्या पिशव्या लटकत होत्या. एकीत केळी होती, एकीत एक्स-रेचे पाकीट. आकडीचे तोंड 22 मिलिमीटर आहे. ते 9 वर आणून पात्राच्या मुठीला चपटी पट्टी द्यायची, म्हणजे पट्टी आत जाईल आणि पिशवीचे गुंडाळलेले बंद जाणार नाहीत. चित्र आज रात्री पाठवतो.